पिवळी रेघ कुठे जाते

९ जानेवारी

छोट्यास ताईचे आशीर्वाद. तुझ्या बायकोलाही, तिच्या वाट्याचे वेगळे.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर आपण दोघंही "सगळं बरं आहे" म्हणतो आणि ठेवून देतो. सगळं बरं नाही. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. इथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, उजव्या डोळ्यात दाब वाढायला लागलाय, ऑपरेशन लवकर उरकून घ्या. मोतीबिंदूने झाकलेली नजर परत मिळते, दाबाने गेलेली मिळत नाही.

सुई ओवता येत नाही. शेजारची मास्तरीण शाळेत जायच्या आधी माझ्या सगळ्या सुया ओवून उशीत टोचून ठेवते. दुपारी मशीनचा दोरा तुटला की मी ती परत येईपर्यंत हात बांधून बसते. परवा एका गणवेशाच्या शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. पोराच्या आईने काही बोलायच्या ऐवजी हसून घेतलं, त्याचंच जास्त लागलं. शिवणकाम गेलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे ते तुला ठाऊक आहे.

इथे खाजगीत जो आकडा सांगतात तो ऐकून उरलेली नजरही जाईल. तू त्या सरकारी दवाखान्यात रंग देत जन्म काढलास. तिथे डोळ्यांचा विभाग आहे ना? कधी येऊ ते कळव. कागदाला घड्या घालून घडीवरून लिहिलं आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर सांभाळून घे.

तुझी ताई


१७ जानेवारी

ताईस तुझ्या रंगाऱ्याचा नमस्कार. आमची ही शेजारी उभी राहून वाचते आहे, तिचाही.

मुद्दाम जाड पेनाने, पाटीवर काढतो तशी अक्षरं काढली आहेत, म्हणजे मास्तरणीला बोलवावं लागू नये. कागद जास्त लागतील, लागू देत.

ताई, तू ये, पण लगेच येऊ नकोस. तुझं नशीब बघ, अगदी योग्य वेळी तुझे डोळे बिघडले. आमच्या दवाखान्याच्या आवारात, जिथे नर्सबायकांच्या खोल्या आणि ती कपडे वाळत घालायची मोकळी जागा होती, तिथे एका कंपनीने सात मजली नवा दवाखाना उभा केला आहे. जागा आपली, इमारत त्यांची. बदल्यात त्यांनी काही खाटा आपल्या लोकांसाठी फुकट ठेवायच्या, असा करार झाला आहे. साहेब म्हणाले, डोळ्यांचा विभागही तिकडेच जाणार. म्हणजे तुझं ऑपरेशन गार हवेच्या खोलीत होईल, आणि तेही फुकट. आमच्या जुन्या वॉर्डात पंख्याला हाताने धक्का द्यावा लागतो.

माझ्यावर केवढं काम आलंय ते सांगतो. आमच्याकडे पेशंटला रस्ता तोंडी सांगत नाहीत, जमिनीवरची रेघ दाखवतात. लाल रेघ धरून गेलं की हाडांचा विभाग, निळी धरून गेलं की बाळंतिणी, पिवळी धरून गेलं की डोळे. ज्यांना वाचता येत नाही, ज्यांना नीट दिसत नाही, ते सगळे माझ्या रेघेवर चालतात. आता नवी इमारत आली म्हणून सगळ्या रेघा नव्याने मारायच्या आहेत. आणि रेघ नेहमी उलटी मारावी लागते. विभागाच्या पाटीपासून सुरू करायचं आणि मागे मागे सरकत गेटपर्यंत यायचं, म्हणजे ओल्या रंगावर आपलाच पाय पडत नाही.

पिवळी रेघ मी तुझ्यासाठी नेहमीपेक्षा रुंद मारणार आहे. तेवढी होऊ दे, मग ये.

तुझा छोट्या


१ फेब्रुवारी

छोट्यास,

जागा तुमची आणि इमारत त्यांची, मग खाट कोणाची? मी शिवणारी बाई आहे. कापड एकाचं आणि शिलाई दुसऱ्याची असली तर कपडा कोण नेणार ते आधी ठरवून घेते. तुझ्या साहेबांनी ठरवून घेतलं आहे का, विचार.

दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली आहेत. मागच्या आठवड्यात उजवा डोळा फार दुखला, डोक्याची कवटी फुटेल असं वाटलं, पोटात काही ठरलं नाही. मास्तरीण रात्रभर माझ्याजवळ बसली. आता दुखायचा थांबला आहे, तेव्हा बरंच म्हणायचं.

रुंद रेघेचं कौतुक वाटलं. पण रुंद होईपर्यंत मी थांबायचं, हे काही मला नीट कळलं नाही. शाळा उघडायला अजून वेळ आहे हे खरं, पण गणवेश आपोआप शिवले जात नाहीत. लवकर कळव.

ताई


२० फेब्रुवारी

ताईस नमस्कार.

डोळा दुखायचा थांबला हे वाचून जीव भांड्यात पडला. दाब आपसूक उतरला असेल. इथे मात्र माझं डोकं पार चक्रावलं आहे.

आता आवाराला दोन गेटं झाली आहेत आणि दोन वॉचमन. आपल्या गेटने आलेला पेशंट त्यांच्या गेटने बाहेर पडतो आणि आपल्या वॉचमनला विचारतो की माझी चप्पल कुठे गेली. दोन्ही इमारती एका लांब बोळाने जोडल्या आहेत. बोळाच्या मध्यावर आपली काळपट फरशी संपते आणि त्यांची गुळगुळीत सुरू होते. दोन्हींच्या मध्ये हातभर पट्टी कोणाचीच नाही, तिथला कचरा आपला झाडूवालाही उचलत नाही आणि त्यांचाही नाही. परवा एक हाडाचा डॉक्टर सकाळी आपल्या बाजूला मला ओरडला, की रंगाचे डबे वाटेतून हलव. दुपारी तोच डॉक्टर त्यांच्या बाजूला दिसला आणि मला म्हणाला, "काका, जरा बाजूला होता का?" मी दोनदा बघितलं. डॉक्टर तोच होता.

फुकट खाटांची चौकशी केली. आपल्या केसपेपरच्या खिडकीवर म्हणाले, तिकडे विचारा. तिकडच्या मुलीने सांगितलं, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, "खाटा करारात आहेत." करार कुठल्या मजल्यावर आहे ते विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण गिळलं.

एक काम मात्र फत्ते झालं. डोळ्यांच्या विभागाची पाटी सापडली. नव्या इमारतीत तळमजल्यावर, काचेच्या दारावर. मीच पूर्वी रंगवलेली, अक्षरांखालच्या डोळ्याचं चित्रही मीच काढलेलं. म्हणजे विभाग तिथे गेला. तिथून पिवळी रेघ सुरू केली आणि बोळातून, कोणाच्याच नसलेल्या पट्टीवरून, थेट आपल्या गेटपर्यंत आणली. कुठेही तुटली नाही. आता फक्त कोणत्या वारी काय असतं ते कळलं की तुला बोलावतो. पुढचा महिना धरून चाल.

छोट्या


११ मार्च

छोट्या,

माझं येणं रद्द समज.

तुझी रेघ इतकी सरळ जाते हे मला ठाऊक नव्हतं. कुठेही न चुकता, माणसाला जिथे न्यायचं तिथे बरोबर नेते. काम चोख झालं आहे. तुझं आता चांगलं भागत असेल, त्याचा मला आनंदच आहे.

ताई


१८ मार्च

ताईस नमस्कार.

तुझं पत्र आलं आणि मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. नोकरीत आजवर कोणी रेघेला नावाजलं नव्हतं. साहेबांना दाखवावं म्हणून खिशात घालूनही नेलं. पण येणं रद्द का? आणि रेघ सरळ आहे हे तुला कोणी सांगितलं, इथलं कोणी भेटलं की काय?

इथपर्यंत लिहून जेवायला उठलो. तेवढ्यात आमच्या हिने तुझं पत्र वाचलं. तिने ताट माझ्यासमोर जरा जोरात ठेवलं. मग म्हणाली, "ताई येऊन गेल्यात. आणि तुम्हाला न भेटता परत गेल्यात. हे कौतुक नाही, थोबाडीत दिलीय."

मी म्हटलं, उगाच काहीतरी. ताई इथे येईल आणि घरी येणार नाही? ती म्हणाली, पुन्हा वाचा. मी पुन्हा वाचलं. आता मला काही कळेनासं झालं आहे.

ताई, तू आली होतीस का?

छोट्या


२६ मार्च

छोट्यास,

तुझ्या बायकोला माझे दोन आशीर्वाद जास्त दे. घरात एक तरी शहाणं आहे.

आले होते. तू बोलवायचा थांबत नव्हतास आणि बोलवतही नव्हतास. मास्तरणीला सुट्टी होती, म्हटलं आपणच जाऊ, छोट्याला दवाखान्यात गाठून चकित करू. गेटवर मास्तरीण म्हणाली, अहो, ही पिवळी रेघ. मला बाकी काही दिसत नव्हतं, सगळं धुरकट, पण तुझी रेघ दिसली. खरंच रुंद मारली आहेस. मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. मास्तरणीचा हात सोडून मी एकटी रेघेवरून चालले.

काचेचं दार आपलं आपण उघडलं. गार हवा होती, मऊ खुर्ची होती. एका मुलीने पाणी दिलं आणि "या आजी" म्हणाली. मला वाटलं, छोट्याने सांगून ठेवलेलं दिसतंय. डोळ्यात थेंब घातले, यंत्रापुढे हनुवटी ठेवायला लावली, डॉक्टर अगदी गोड बोलले. मग ती मुलगी कागद घेऊन आली आणि आकडा वाचून दाखवला. मी म्हटलं, बाई, हा सरकारी दवाखाना ना? ती म्हणाली, "आता सगळं एकच आहे, आजी." मी म्हटलं, एकच आहे तर पैसे कसले? ती म्हणाली, "तपासणीचे वेगळे." मास्तरणीने तपासणीचे भरले. तिच्याकडून घ्यायची माझ्यावर वेळ आली, छोट्या.

मी फुकट खाटेचं विचारलं. तिने दुसऱ्या मुलीला विचारलं, दुसरीने तिसऱ्याला. तिसरा म्हणाला, तुमच्या बाजूने चिठ्ठी आणावी लागते. मी म्हटलं, माझी बाजू कुठली ते सांगा, तिथून आणते. त्याला ते कळलं नाही, आणि मलाही त्याचं कळलं नाही.

बाहेर आल्यावर मास्तरीण म्हणाली, गेटपासून इथवर बाकावर बसलेले सगळे रेघेवरूनच आलेत. तुमच्या भावाला माणशी काही मिळत असेल. मी तिला गप्प केलं. पण बसमध्ये तिचंच बोलणं डोक्यात घोळत राहिलं. तू मला आधी थांबवलंस, मग रेघ मारलीस, आणि रेघ तिथे नेते. मी काय समजायचं ते तूच सांग.

ताई


९ एप्रिल

ताईस नमस्कार.

माणशी काही मिळत असतं तर आमच्या हिने ते माझ्या आधी काढून घेतलं असतं. एवढं हसून घे, पुढचं हसण्यासारखं नाही.

तुझं पत्र घेऊन मी तडक काचेच्या दाराशी गेलो. मॅनेजरला विचारलं, डोळ्यांचा विभाग आमचाच ना? तो म्हणाला, "विभाग तुमचा, मजला आमचा." साहेबांकडे गेलो. साहेब म्हणाले, विभाग तिकडे जाणार आहे, अजून गेलेला नाही. मी म्हटलं, साहेब, पण पाटी तिकडे आहे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "पाटी गेली असेल."

पाटी गेली असेल, ताई. बोळ काढायला डोळ्यांचा जुना भाग पाडला, तेव्हा कंत्राटदाराच्या माणसांनी पाट्या उतरवल्या आणि नव्या इमारतीत जिथे मोकळे हुक दिसले तिथे लावून टाकल्या. डोळ्यांच्या पाटीला काचेचं दार मिळालं. मी पाटी बघितली, माझ्याच हातची अक्षरं ओळखली आणि आत कोण आहे ते न बघता तिथून मागे सरकत सुटलो. दुसऱ्या कोणाची पाटी असती तर कदाचित आत डोकावलो असतो.

मग आपला विभाग आहे कुठे? धुलाईवाल्याने दाखवला. धुलाईच्या मागे चादरींची जुनी कोठी होती, तिथे. दाराला पाटी नाही. आत डोळ्यांच्या डॉक्टरबाई एकट्याच वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. कोपऱ्यात ऑपरेशनचं यंत्र, मायक्रोस्कोप म्हणतात तो, चादरीखाली झाकलेला. मला बघून म्हणाल्या, "भिंत रंगवायची असेल तर राहू द्या. आम्ही महिनाअखेरीला बंद होतोय."

मी विचारलं, का बंद? त्या म्हणाल्या, "पेशंट येत नाहीत. वरून कागद आलाय, इतक्या कमी पेशंटसाठी विभाग चालवणं परवडत नाही, यंत्र नव्या इमारतीला द्या. मला वाटलं, गावातले डोळे एकदम सुधारले."

 मी सांगितलं, बाई, पेशंट येतायत. मी त्यांना दुसरीकडे नेतोय. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. मला वाटलं आता मला उभा फाडतील. पण त्या इतकंच म्हणाल्या, "तुमच्या घरात कोणाचे डोळे बिघडलेत का?" मी म्हटलं, ताईचे. "मग तिला घेऊन या. यंत्र इथे आहे तोवर."

रविवारी ओपीडी बंद असते. बोळातली पिवळी रेघ करड्या रंगाने बुजवली आणि नवी मारली, बाईंच्या कोठीपासून, धुलाईला वळसा घालून, गेटपर्यंत. कोणाला विचारलं नाही. हात नेहमीसारखा चालला नाही हे खरं.

ताई, मला काय म्हणायचं ते म्हण, पण ये. महिना संपायच्या आत ये. हवं तर ऑपरेशन झाल्यावर भांडू.

छोट्या


१५ एप्रिल

छोट्यास,

सोमवारी येते. गेटवर उभा राहू नकोस, हात धरायला धावू नकोस. मी रेघ धरूनच येईन. बघते कुठे नेतोस.

ताई


१२ मे

छोट्यास आणि तुझ्या बायकोस आशीर्वाद.

घरी येऊन स्थिरस्थावर झाले. तुझ्या बायकोने माझी इतकी सेवा केली की इथे आल्यावर पाण्याचा पेला स्वतः उचलताना चुकल्यासारखं वाटलं. काल पहिल्यांदा सुई ओवली. पहिल्या खेपेला दोरा गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. मास्तरीण दारात उभी राहून बघत होती, तिचेच डोळे भरले. तपासणीचे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि तुझ्याबद्दल जे बोलली होती ते परत घ्यायला लावलं. तिने घेतलं.

आता तुझ्या रेघेबद्दल. डाव्या डोळ्याची पट्टी काढल्यावर बाई म्हणाल्या, काय दिसतं ते सांगा. मी दाराबाहेर जमिनीकडे बघितलं आणि म्हटलं, रेघ वाकडी आहे. धुलाईच्या कोपऱ्यावर तर चक्क दारू पिऊन मारल्यासारखी आहे. बाई इतक्या हसल्या की बाकावरचे सगळे आत बघायला लागले. बाक भरलेला होता, तू बघितलास ना? मी येताना रेघेवर माझ्या पुढे एक म्हातारा होता आणि मागे कडेवर मूल घेतलेली बाई. तिघेही जमिनीकडे बघत चाललो होतो.

कापडाला अशी रेघ मारली असतीस तर मी तुला दुकानात उभं केलं नसतं. पण राहू दे तशीच.

ताई


२० मे

ताईस नमस्कार.

सुई ओवली हे वाचून आमच्या हिने शेजारपाजारी सांगून टाकलं. आता इथल्या चार बायका तुझ्याकडे कपडे शिवायला पाठवणार म्हणतायत.

आधी चांगलं सांगतो. बाईंकडे गर्दी झाली म्हणून यंत्र न्यायचा कागद तूर्त थांबला आहे. थांबला आहे म्हणजे काय ते मला विचारू नकोस. साहेब म्हणतात, "तूर्त."

आता दुसरं. मॅनेजरने तक्रार केली की रंगाऱ्याने परस्पर रेघ फिरवली. मला लेखी आलं आहे, की पिवळी रेघ पंधरवड्यात पूर्ववत काचेच्या दारापर्यंत न्यावी. मी साहेबांना म्हटलं, तिथे पैसे मागतात. साहेब म्हणाले, फुकट खाटाही तिथेच आहेत. मी म्हटलं, दाखवा. ते म्हणाले, रेघ गेली की पेशंट जातील, पेशंट गेले की खाटा निघतील. मॅनेजर म्हणतो, आम्ही काय लोकांचे डोळे बिघडवतो का, चांगलंच करतो. तेही खोटं नाही. बाई म्हणतात, तुमच्या नोकरीचं तुम्ही बघा, माझ्याकडे बघू नका. ताई, ज्याचं ऐकतो त्याचं त्या वेळी पटतं. कोण बरोबर ते मला खरोखर कळत नाही, आणि निवृत्तीला फार दिवस उरले नाहीत.

म्हणून असं ठरवलं आहे की आधी तुझा उजवा डोळा उरकून घेऊ. बाईंची तारीख मागतो. तुझं एकदा झालं, की ते म्हणतील तिथे रेघ नेतो. रंगाऱ्याने रंग द्यावा. मग आपल्याला काय त्याचं? तारीख कधीची घेऊ?

छोट्या


२७ मे

छोट्यास,

तारीख घेऊ नकोस.

उजव्या डोळ्याचं तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. बाईंनाही सांगू दिलं नव्हतं. तो गेला आहे. बाईंनी पहिल्याच दिवशी बॅटरी मारून विचारलं, उजेड कुठून येतोय? मला उजेड आहे हेच कळलं नाही. त्यांनी विचारलं, मध्ये कधी फार दुखला होता का? मी सांगितलं, जानेवारीच्या अखेरीला. त्या म्हणाल्या, तेव्हाच गेला, दुखायचा थांबला तो त्यामुळेच.

तेव्हा मी तुझ्या बोलावण्याची वाट बघत होते. तू चांगल्या मनाने थांबवलं होतंस, गार हवेच्या खोलीसाठी. रागावले नाही असं म्हणणार नाही. रागावले, रडलेसुद्धा, पण ते तुझ्या घरी तुझ्या बायकोच्या पुढ्यात बसून, तू कामाला गेल्यावर. तिला सगळं माहीत आहे. तिच्यावर ओरडू नकोस, मीच शपथ घातली होती.

आजही सांगितलं नसतं. पण तू लिहिलंस, "मग आपल्याला काय त्याचं". तेवढ्यासाठी लिहिते आहे. माझ्या मागून चालणारी ती बाई मला अजून दिसते. तिच्या कडेवरच्या मुलाचे डोळे बिघडलेत की तिचे, ते मी विचारलंही नाही.

कोण बरोबर ते मलाही कळत नाही. साहेब, मॅनेजर, करार, यातलं काही माझ्या डोक्यात शिरत नाही. तू रेघ कुठे न्यायची ते मी कोण सांगणार, नोकरी तुझी आहे. फक्त मारायला बसशील तेव्हा उजवा डोळा मिटून बस. मी रोज मशीनवर तशीच बसते.

सोबत तुझ्यासाठी शर्ट पाठवते आहे. एका डोळ्याने शिवलेला पहिला. खिशाची शिलाई तिरकी गेली आहे, मला ठाऊक आहे, तू सांगू नकोस. बाह्या मात्र एक डावी आणि एक उजवी आहे, दोनदा तपासलं.

ताई


९ जून

ताई,

तुझं पत्र आल्यावर कितीतरी दिवस पेन हातात धरवत नव्हतं. आमची ही म्हणाली, लिहू नका काही, नुसता नमस्कार लिहा. पण एवढं तुला कळवायला हवं.

रविवारी शर्ट घालून गेलो. रंगाचा डबा काचेच्या दाराशी नेऊन ठेवला, कारण लेखी तसंच होतं. पाटी समोर होती, माझ्या हातची, खालचा डोळा अजून ताजा दिसतो. तू सांगितलंस तसा उजवा डोळा मिटला. दाराच्या काचेत मीच दिसत होतो, आतलं काही दिसेना.

मग मी डबा उचलला आणि धुलाईच्या मागे गेलो. सुट्टीचा दिवस होता, तरी बाई यंत्र पुसायला येतात हे आता मला माहीत आहे. साहेब उद्या-परवा विचारतील, कागद असताना असं का केलं. मी काय सांगणार ते अजून ठरलेलं नाही. पण आता पाटी बघून सुरुवात करायची नाही, एवढं ठरलं आहे.

आधी दार वाजवलं. आतून बाईंनी "कोण?" म्हणून विचारलं. मग ब्रश रंगात बुडवला आणि धुलाईच्या कोपऱ्यावरची वाकडी रेघ सरळ करायला घेतली.

तुझा छोट्या